नातालीनच्या चुलीतला विस्तव

वसईकडच्या केळीच्या वाड्यांत, जिथे समुद्राचा वारा पानं दिवसभर फाडत बसतो, तिथे मांडभाट नावाचं गाव आहे. बेनित फादर त्या गावी सव्वीस वर्षं राहिले. चर्चच्या मागे दोन खोल्या, अंगणात चिकूचं एक झाड आणि कडी नसलेलं दार, एवढाच त्यांचा संसार. झगे दोन, त्यातला एक बहुधा कुणातरी आजाऱ्याच्या अंगावर पांघरूण म्हणून गेलेला असायचा. आज त्यांच्या नावाने लोक मेणबत्त्या लावतात, त्यांनी कपाळाला बोट लावलं की ताप उतरायचा असं सांगतात. पण त्यांच्या हयातीत घडलेलं सर्वांत मोठं नवल मांडभाटात हळू आवाजात सांगतात, कारण त्यात गावाची लाजही आहे.

ते पटकीच्या सालचं.

खालच्या आळीत नातालीन लोपीस नावाची विधवा होती. नवरा माडावरून पडून गेलेला. घरात ती आणि नऊ वर्षांची कार्मिन. नातालीन राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची, सुकेळ्यांचे पुडे बांधायची, त्यावर दोघींचं भागायचं. त्या काळी घरोघर एक रीत होती. भात टाकताना बाईने एक मूठ तांदूळ बाजूच्या गाडग्यात टाकायचे, टाकताना ‘आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायचं, आणि गाडगं भरलं की ते उपाशी घरी पोचवायचं. पुढे पुढे बऱ्याच घरांत प्रार्थना राहिली आणि मूठ गेली. नातालीनकडे दोन्ही राहिली.

पटकी आली ती खालच्या आळीतच आधी आली. अशा वेळी साथीच्या रोगांपासून राखणाऱ्या, बाणांनी विंधलेल्या सांत बस्त्यावची मूर्ती चर्चमधून काढायची, सर्वांत गरीब घरापासून सुरुवात करून एकेक रात्र एकेका घरी ठेवायची, अशी गावाची जुनी चाल. त्या वर्षी मूर्ती निघाली खरी, पण जुवांव पाटलाच्या ओट्यावर चढली ती उतरलीच नाही. चर्चमधला पहिला बाक पाटलाचा, सणाचा कारभार त्याचा, मूर्तीवरचा सोन्याचा बाणही त्याच्या आजोबांनी दिलेला. त्याने घरी नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, मांडली, बाजा बोलावला, आणि खालच्या आळीच्या तोंडावर बाभळीच्या काट्या टाकून वाट बंद केली. तिकडचं कुणी वर यायचं नाही, वरचं कुणी खाली जायचं नाही, कुणाच्या घरी विस्तव न्यायचा नाही, पेज न्यायची नाही.

बेनित फादरांनी एकदा समजावलं, दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा ते काट्यांवरून झगा उचलून पलीकडे गेले आणि नातालीनच्या दारात उभे राहिले.

“बाय, आळीत सात घरांत माणसं पडलीत. मीठ घालून पेजेचं पाणी पाजायला हवं. माझे दोन हात पुरत नाहीत.”

नातालीनने कार्मिनकडे एकदा पाहिलं. मग मुठीचं गाडगं उतरवलं.

दहा दिवस ती घरोघर फिरली. ओकाऱ्या काढल्या, ओठ ओले केले, जे गेले त्यांचे डोळे मिटले. काट्यांजवळून जाताना एकदा पलीकडे पाटील चार माणसांसह उभा होता.

“काय गं नातालीन, मडकं घेऊन कुठे? स्वर्गात पहिला बाक धरायला निघालीस वाटतं.”

माणसं हसली.

“पहिला बाक तुमचाच आहे, दादा,” ती म्हणाली. “मी दाराशी उभी राहीन.”

अकराव्या दिवशी सकाळी कार्मिनला पहिली उलटी झाली. संध्याकाळच्या घंटेला ती गेली.

पाटील विहिरीवर म्हणाला, “मूठ मूठ वाटत फिरत होती. मरण मुठीत धरून घरी आली.” हे शब्द काट्या ओलांडून नातालीनपर्यंत पोचले. शब्दांना काट्या अडवत नाहीत. आणि तिला वाईट याचं वाटलं की तीही तेच म्हणत होती, मनातल्या मनात, अगदी याच शब्दांत.

मयत उचलायला चर्चच्या मंडळींनी लाल झगे घालून यायचं, क्रूस पुढे धरायचा, ही रीत. कुणी आलं नाही. बेनित फादरांनी कुदळ घेऊन खड्डा स्वतः खणला. छोटी पेटी एका बाजूने त्यांनी उचलली, दुसऱ्या बाजूने आईने.

मयत झालेल्या घरात चर्चमधल्या तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेपर्यंत, मिस्सेपर्यंत, चूल पेटवायची नाही. शेजाऱ्यांनी पेज आणायची, दुःखातल्या माणसाला बळेच दोन घास भरवायचे. नातालीनने रीतीप्रमाणे चूल विझवली, राख उपसून माडाच्या मुळाशी टाकली, चूल मातीने सारवली आणि दाराकडे तोंड करून बसली. आळीत उठून येण्याजोगं कुणी नव्हतं, आणि वरून कुणी आलं नाही. फादर आपल्या वाटची भाकरी ठेवून गेले, नातालीन तिला शिवली नाही. दारासमोर ऊन सरकत गेलं. एवढ्या घरांना तिने भरवलं होतं. तिच्या दारात एक वाटीसुद्धा आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फादर पुन्हा आले. उंबऱ्याबाहेरच थांबले.

“नातालीनबाय, पाटलाची सून सकाळी गेली. इझू पडली आहे.”

इझाबेल पाटलाची नात. कार्मिनच्याच वयाची. धर्मशिक्षणाच्या वर्गात दोघी एका चटईवर बसायच्या, पहिलं कोमुन्याव, पहिला ख्रिस्तप्रसाद, दोघींनी एकाच दिवशी घेतलं होतं.

“पाटलाचा मुलगा बोटीवर आहे,” फादर म्हणाले. “गडीमाणसं पळाली. घरात मयत, म्हणून चूल बंद. शेजारी पेज आणत नाहीत. पाटलाचाच हुकूम आहे ना, मयताच्या घरी जायचं नाही. तो नातीला मांडीवर घेऊन मूर्तीसमोर बसलाय. रडतसुद्धा नाही.”

“मग?”

“तिला पेज हवी.”

नातालीनने सारवलेल्या चुलीकडे पाहिलं. मग म्हणाली, “माझ्याही घरी मयत आहे, फादर. विसरलात का?”

“नाही.”

“तुम्ही या दारात उभे राहून चल म्हणालात. मी आले. नसते आले तर?”

“हो,” फादर म्हणाले. “मीच म्हटलं होतं.” त्यांनी हात जोडले नाहीत, देवाची इच्छा असंही म्हणाले नाहीत. उन्हात तसेच उभे राहिले. त्यांच्या नखांत अजून कबरस्तानची माती होती.

“मुठीचं गाडगं रिकामं आहे,” नातालीन म्हणाली.

“माझ्याकडेही दाणा नाही.”

फादरांचं खरं होतं, पण नातालीनचं पूर्ण खरं नव्हतं. शिंक्यावर एका पुरचुंडीत अर्धा शेर नवे तांदूळ होते. कार्मिनच्या वाढदिवसाला नारळाच्या दुधात गोड भात करायचा म्हणून तिने ते जपले होते. आळी उपाशी होती तेव्हाही तिने त्यांना हात लावला नव्हता. तिची नजर वर गेली, आणि फादरांनी आपली नजर खाली वळवली.

“विस्तव कुठून आणू?” ती जवळजवळ ओरडली. तेव्हा काडेपेट्या घरोघर नव्हत्या, विस्तव शेजारून आणायचा आणि शेजारी कोण उरलं होतं? “राख मी माझ्या हाताने उपसली. सारवलेली चूल बघा, कोरडी झालीये.”

“फुंकर घाल, बाय.”

“कशावर?”

“घाल.”

ती रागानेच चुलीपाशी बसली. या माणसाला एकदा दाखवावं, की इथे काही उरलेलं नाही, म्हणून तिने वाकून जोराने फुंकर मारली. सारवणाची माती उडाली. तिने पुन्हा मारली. तिसऱ्या फुंकरीला चुलीच्या तळाशी, ओल्या हाताने लिंपलेल्या मातीतून, डाळिंबाच्या दाण्याएवढं काहीतरी लाल दिसलं. ते मोठं झालं. तिच्या चेहऱ्यावर धग आली.

नातालीन मागे सरकली. मग ती वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत भक्ती नव्हती.

“हा परवा कुठे होता, फादर? कार्मिन थंड पडत होती तेव्हा हा कुठे होता?”

बेनित फादर उंबऱ्यावर बसले. म्हणाले, “तेच मी आज पहाटेपासून विचारतोय. मला उत्तर मिळालेलं नाही. मिळालं तर आधी तुझ्याकडे येईन.”

नातालीनने शिंक्यावरची पुरचुंडी काढली. गाठ बोटांनी सुटेना, तिने दातांनी सोडवली. त्यातून एक मूठ, सवयीने, रिकाम्या गाडग्यात टाकली. बाकीचे तांदूळ मडक्यात घातले.

लोटक्यात पेज घेऊन ती काट्यांवरून गेली. लुगडं फाटलं, पोटऱ्या रक्ताळल्या. पाटलाच्या घरात सुनेचं मयत पांढऱ्या चादरीखाली होतं, समोर सांत बस्त्यावच्या मूर्तीपुढे नऊ मेणबत्त्या वितळून एक झाल्या होत्या. पाटील तिला पाहून उठू लागला, पण मांडीवर नात होती. नातालीनने त्याच्याकडे पाहिलं नाही. मुलीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि करवंटीच्या पळीने थेंब थेंब पाजत बसली. पहिली पेज उलटली. दुसरी उलटली. तिसरी राहिली.

घंटा वाजायच्या सुमाराला मुलीने डोळे उघडले.

“कार्मिनची आई,” ती म्हणाली, “अजून दे.”

नातालीनचा हात तेवढा एकदाच थांबला.

जुनी माणसं शपथेवर सांगत, की ते मडकं नऊ दिवस रिकामं झालं नाही. अर्ध्या शेराच्या पेजेवर खालची आळी जगली, पाटलाचं घर जगलं, आणि पुढे वरच्या आळीत पटकी शिरली तेव्हा तीही जगली. चुलीत कुणी लाकूड सारलं नाही, तरी विस्तव तेवढाच, तसाच. पाटलाच्या घरी नोव्हेना नऊ दिवस चालली होती. मडकंही नऊच दिवस चाललं. कुणी मोजलं नव्हतं, हिशेब नंतर लागला.

नवव्या दिवशी सकाळी पाटलाने आळीच्या तोंडावरच्या काट्या ओढून काढल्या. कोयता घेतला नाही. हात फाटले तसे फाटू दिले. मग मूर्ती एकट्याने खांद्यावर घेतली आणि बाजा न लावता, अनवाणी खाली उतरला. बेनित फादर वाटेत भेटले. पाटील त्यांच्या पायांशी वाकू लागला, तसे फादर बाजूला झाले.

“इथे नाही, जुवांव. ते दार.”

नातालीन उंबऱ्यात केळीच्या सालींचा ढीग घेऊन बसली होती. पाटलाने मूर्ती तिच्या ओट्यावर ठेवली आणि जमिनीवर गुडघे टेकले. सगळी आळी पाहत होती. ज्या तोंडाने विहिरीवर बोलला होता, ते तोंड त्याने तिच्या उंबऱ्याला लावलं.

“मी ते बोलायला नको होतं, नातालीन,” तो म्हणाला.

“बोललात ते,” ती म्हणाली. “मला रोज ऐकू येतं.”

तो मान वर करेना. खांदे हलत होते. नातालीनने त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही.

तिने मान उचलली. आळीच्या तोंडाशी फादर उभे होते. तिने नुसत्या डोळ्यांनी विचारलं, उत्तर मिळालं का? फादरांनी सावकाश मान हलवली, नाही.

“उठा, दादा,” ती म्हणाली. “माझं लोटकं तुमच्या घरी राहिलंय. घेऊन या. आळीतल्या बस्कूच्या घरी अजून दोघं पडलेत.”

जुवांव पाटील उठला आणि धावत निघाला. नातालीनने साली बाजूला सारल्या, आत गेली आणि मडक्यावरचं झाकण काढलं.