दीड रुपयाची नथ

जुन्या, फार जुन्या काळची ही गोष्ट, मुलांनो; आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुमच्यासाठीसुद्धा.

समुद्रकाठच्या एका राज्यात एक पेढीवाले शेटजी राहत होते. पेढी उघडायला हाताशी काही नव्हते, तेव्हा त्यांनी बायकोची नथ विकली होती. विकताना म्हणाले होते, "लाखाची नथ आहे ही, पण हिच्याहून मोठी आणीन. पेढी एकदा उभी राहू दे." पेढी उभी राहिली, तिच्यावर माडी चढली, शेटजींचे पोटही जरा पुढे आले. नथ मात्र आली नाही. शेटाणीबाई सणासुदीला रिकाम्या नाकाने वावरायच्या आणि कुणी विचारलेच तर सांगायच्या, "येतेय हो. वाटेत आहे."

शेटजींना एक खोड होती. गहाण ठेवायला आलेली वस्तू कितीही सुंदर असो, आधी नाक मुरडायचे आणि किंमत पाडून सांगायची. सोन्याच्या बांगड्या आल्या की म्हणायचे, "पितळ तर नाही ना?" ही सवय अंगात इतकी मुरली, की ताटातल्या पुरणपोळीलाही ते आधी "बरी आहे" म्हणायचे आणि मग चार खायचे.

एकदा राजाची तिजोरी रिकामी झाली. शेटजींनी ती भरून दिली. राजाने खूश होऊन त्यांना बंदराचा जकातदार केले.

बंदरावर सगळा सावळा गोंधळ होता. व्यापारी मालाची किंमत कमी सांगायचे आणि जकात बुडवायचे. शेटजींनी डोके लढवले आणि दवंडी पिटवली, "किंमत ज्याची त्याने सांगावी. तेवढ्यावरच जकात भरावी. पण सांगितलेल्या किमतीला धक्क्यावरच्या कुणीही माल मागितला, तर तो द्यावाच लागेल!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका व्यापाऱ्याने रेशमाला गोणपाट म्हटले. शेटजींनी ते गोणपाटाच्या भावाने स्वतःच विकत घेतले. व्यापारी रडकुंडीला आला. त्याचे काही वाईट वाटायला नको, लबाडाला बरी अद्दल घडली.

पण मग बेटावरचा एक म्हातारा खलाशी उतरला. त्याच्या हातात पिंजरा होता आणि पिंजऱ्यात पोपट.

"याची किंमत?" शेटजींनी विचारले.

म्हातारा हसला. "या बडबड्याला कोण घेतोय, साहेब? लिहा एक पैसा."

शेटजींनी पैसा टेकवला आणि पिंजरा उचलला.

"अहो साहेब, मी थट्टेत बोललो! घरात माझ्याशी बोलायला दुसरं कुणी नाही हो!"

"नियम म्हणजे नियम!" शेटजी म्हणाले.

हे वाक्य ते दिवसभर म्हणत. खुर्चीमागे टांगलेला पोपट थोड्याच दिवसांत ते शिकला.

घरी शेटाणीबाईंनी ही हकिकत ऐकली आणि वाढता वाढता हात थांबवला. "त्या म्हाताऱ्याचा पोपट परत द्या."

"अगं, नियम सगळ्यांना सारखा. मलासुद्धा."

"तुम्हालासुद्धा?"

"मलासुद्धा!" शेटजी ऐटीत म्हणाले आणि पोळीला हात घातला.

पुढे शेटजींना कामानिमित्त मोत्यांच्या देशात जावे लागले. तिथल्या बाजारात एक नथ बघून त्यांचे पाय थबकले. टपोरे, पाणीदार मोती, मध्ये लाल खडा. शेटजींनी पहिल्यांदाच किंमत न पाडता पैसे मोजले. परतीच्या वाटेवर ते सारखी डबी उघडायचे, नथ बघायचे आणि उपरण्याने डोळे टिपायचे. प्रेम होते हो त्यांचे. फक्त ते प्रेम बाहेर पडायला फार उशीर लावत होते.

गलबत बंदराला लागले. शेटजी येणार म्हणून धक्क्यावर ही गर्दी जमली होती. पुढे शेटाणीबाई उभ्या होत्या. जकातदाराच्या खुर्चीत बदली कारकून बसला होता. त्याने भीत भीत विचारले, "साहेब, डबीत काय आहे?"

"नथ."

"किंमत?"

आता खरी किंमत सांगायला काय हरकत होती? पण जीभच ती, जन्मभराच्या वळणावर गेली. "काचेचे मणी आहेत. दीड रुपया लिही."

जकातदाराचा माल मागायची कुणाची छाती? शेटजी डबी मिटणार, तेवढ्यात शेटाणीबाईंनी पदराची गाठ सोडली आणि दीड रुपया टेबलावर ठेवला.

"मला हवी आहे."

शेटजी कुजबुजले, "अगं, खरे मोती आहेत! तुझ्यासाठीच आणलीय!"

"मग चारचौघांत तसं सांगायचं होतं. माझी नथ विकलीत तेव्हा तिला लाखाची म्हणालात. माझ्यासाठी आणलीत, तर ती दीड रुपयाची?"

"अगं, पण मला तुला ती द्यायची होती!"

"नियम म्हणजे नियम!" खुर्चीमागून पोपट ओरडला.

अख्खा धक्का पोट धरून हसला. कारकुनानेही तोंडावर रुमाल धरला. शेटजी हसले नाहीत. त्यांना एकाएकी तो बेटावरचा म्हातारा आठवला. त्यांनी स्वतःच पिंजरा काढला, होडी मागवली आणि घरी न जाता आधी बेटाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी नवी दवंडी पिटली गेली. लबाडीने सांगितलेली किंमत धरावी, भाबडेपणाने सांगितलेली सोडून द्यावी, आणि जकातदाराने धक्क्यावर काहीही विकत घेऊ नये.

नथ शेटाणीबाईंना फार शोभून दिसते. बायका विचारतात, "अगबाई, शेटजींनी घेतली वाटतं?"

"छे हो! ही मी घेतली," त्या सांगतात. "त्यांची अजून वाटेतच आहे."

तात्पर्य: दुसऱ्यांसाठी नियम करताना त्या रांगेत एक दिवस आपणही उभे राहणार आहोत, हे ध्यानात ठेवावे.