दुसऱ्या ओळीतली फुली

“आता तुम्हीच सांगा गुरुजी, उलटं बोलणाऱ्या पोरीला करायचं तरी काय?”

मधली सुट्टी झाली होती. शाळेसमोरच्या आपल्या घराच्या ओसरीवर निवृत्त मुजावर गुरुजी सूप पुढ्यात घेऊन तुरीच्या डाळीतले खडे वेचत होते. शिवदास केंद्रे पायरीवर टेकला तो कपाळाला आठ्या घालूनच.

शिवदास चौथीचा मास्तर. याच शाळेत, याच गुरुजींच्या हाताखाली शिकलेला. चार आकडी गुणाकार तोंडी करायचा. तालुक्याला गणिताचं पहिलं बक्षीस त्याचंच होतं, आणि बोलण्याच्या ओघात ते दोनदा तरी निघायचंच.

“काय बोलली?”

“फळ्यावर गुणाकार मांडला होता. सत्तेचाळीस गुणिले छत्तीस. सगळी पोरं मुकाट उतरवून घेत होती. ही राजनंदिनी मध्येच उठली. म्हणे, सर, दुसऱ्या ओळीत ही फुली कशाची?”

“मग?”

“म्हटलं, तशी रीत आहे. तर म्हणे, रीत कशासाठी? पोरं फिदीफिदी हसली. मीही म्हटलं, कळेपर्यंत राहा उभी.”

“कळलं का तिला?”

“कशाचं कळतंय! सकाळपासून उभीच आहे. डबासुद्धा खाल्ला नाही. हट्टी आहे भारी.”

गुरुजींचा हात सुपात थांबला.

“शिवदास… ती फुली कशाची?”

शिवदास हसला. “काय गुरुजी, माझी परीक्षा?”

“सांग.”

“आधी सहानं गुणायचं, ती पहिली ओळ. मग तिनानं. त्याआधी एककाच्या घरात फुली मारायची.”

“का?”

“नाहीतर उत्तर चुकतं.”

“का चुकतं?”

उत्तर शिवदासच्या जिभेवर होतं, सोळाशे ब्याण्णव. पण गुरुजींनी ते विचारलंच नव्हतं. त्याचे कान तापले. शाळेकडं नजर गेली तर चौथीच्या खिडकीत लाल रिबिनीची एक वेणी दिसली. हलत नव्हती.

“रीतच आहे ती गुरुजी,” तो कसाबसा म्हणाला. “तुम्हीच शिकवलीत.”

“हो… मीच.”

गुरुजींनी सूप बाजूला सारलं आणि खांबाला धरून उठले. गुडघ्यांनी ते पार बेजार झाले होते. चार पावलं टाकली की त्यांना बसायला लागायचं.

“उठताय कशाला? बसा ना.”

“ती बसली का?”

एवढं बोलून गुरुजी रस्ता ओलांडू लागले. शिवदास मान खाली घालून मागोमाग.

वर्गात डबे उघडे होते. गुरुजींना बघून घास हातातच राहिले. राजनंदिनी भिंतीला पाठ न टेकता उभी होती.

एका मुलानं खुर्ची पुढं केली. गुरुजी बसले नाहीत. दाराच्या चौकटीला धरून फळ्याकडं बघत राहिले.

शिवदासला वाटलं, नुसतं ‘बस’ म्हणावं आणि मोकळं व्हावं. तसं म्हणायला तो पुढंही झाला. पण शब्द दुसरेच आले.

“राजनंदिनी… ती फुली कशाची, ते मलाही ठाऊक नाही.”

त्यानं फळ्यावरच्या फुलीकडं बोट केलं.

“तुला काय वाटलं होतं?”

ती पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाली, “सर, तुम्ही म्हणालात, सात त्रिक एकवीस. पण छत्तीसमधले तीन म्हणजे तीस ना? मग तीस साते दोनशे दहा. त्यातलं शून्य दिसेना. त्याच्या जागी फुली होती… म्हणून विचारलं.”

पोरीला अर्धं उत्तर सकाळीच ठाऊक होतं. त्यानं तिला बोलूच दिलं नव्हतं.

शिवदासनं बोटानं फुली पुसली. तिथं शून्य काढलं. वर दोनशे ब्याऐंशी, खाली चौदाशे दहा. बेरीज तीच, सोळाशे ब्याण्णव. हा आकडा त्यानं शेकडो वेळा काढला असेल. तो कुठून येतो, हे आज पहिल्यांदा दिसलं.

“चुकलं माझं,” तो पुटपुटला. मागच्या पोरांना ऐकू गेलं नसेल, असं वाटून पुन्हा मोठ्यानं म्हणाला, “राजनंदिनी, चुकलं माझं. बस बाळ, डबा खा.”

ती बसली. शेजारणीनं भाकरीचा चतकोर तिच्या हातावर ठेवला.

दोघं बाहेर आले. शिवदास व्हरांड्याच्या कट्ट्यावर मटकन बसला. मान वर होईना.

“तुम्ही तरी टेका गुरुजी.”

गुरुजी उभेच होते.

“मेल्याहून मेल्यासारखं झालंय बघा… बक्षिसं मिरवली, आणि हे साधं ठाऊक नव्हतं. तुमच्यासारखे गुरुजी असून मी हे कधी विचारलं कसं नाही?”

गुरुजींनी तोंड फिरवलं.

“विचारलं होतंस, शिवदास… चौथीत. दिवसभर उभा होतास.”