चौकटीत उभे राहिलेले साहेब

सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत हेमलता पाडवी लहान मुलांना संगणकाला आज्ञा कशा द्यायच्या ते शिकवत, तेही संगणकाशिवाय. अंगणात खडूने चौकटी आखायच्या, एका मुलाने संगणक व्हायचं आणि बाकीच्यांनी नुसतं सांगून त्याला झाडापर्यंत पोचवायचं. कोवळ्या उन्हात संथपणे पडणारी ती पावलं पाहताना बाईंना वाटे, आपण सगळे एकाच स्वप्नात चालतो आहोत.

एके दिवशी गव्हाणेसाहेब तपासणीला आले.

"शाळेत एकही संगणक नाही आणि तुम्ही प्रोग्रॅमिंग शिकवता? हा वर्ग उद्यापासून बंद करा."

बाई शांतपणे म्हणाल्या, "करते बंद. पण साहेब, एकदा या चौकटीत उभे राहून बघा."

साहेब हसत उभे राहिले. सहा वर्षांची सुरमी पुढे झाली.

"दोन पावलं पुढे या. डावीकडे वळा. आता झाडाला हात लागेपर्यंत एकेक पाऊल टाका."

साहेब चालू लागले. अंगावर पानांची सावली हलत होती, कुठेतरी पारवा घुमत होता. बुंध्याला हात लागला तसे ते मुकाट्याने थांबले.

"साहेब," बाईंनी हळूच विचारलं, "शाळेत संगणक नाही, मग सुरमीने आत्ता चालवलं कोणाला?"

साहेब बुंध्याशी उभ्या उभ्याच खुदकन हसले.

"वर्ग चालू ठेवा," ते म्हणाले. "आणि सुरमी, आता मला परत ने."