चुनाभट्टीतली हाडं

“पण वेगळं होईल ना, गुरुजी?”

मनोहरनं लोखंडी पाटी म्हाताऱ्या मास्तरबुवांपुढे ठेवली. पाटीत पांढरी राख होती, चुन्याचे खडे होते आणि हाडांचे तुकडे.

“किती जणांचं आहे?”

“दोघांचं. माझे बाबा. आणि एक मजूर.”

मास्तरबुवा एकेकाळी शाळेत विज्ञान शिकवत. बायको गेल्यावर नदीकाठच्या मठात येऊन राहिले, ते राहिलेच. मनोहर त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. आता तो त्याच शाळेत तोच विषय शिकवतो, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

घडलं होतं ते असं. मनोहरच्या वडिलांची, चंद्रभानजींची, चुनाभट्टी होती. भट्टीत वरून थर देतात, एक दगडाचा, एक कोळशाचा. कधीकधी खालचा माल जळून खाली बसतो आणि वरचा थर नुसताच अधांतरी राहतो. दिसायला टणक, आत पोकळ. म्हणून भट्टीवाले आधी बांबू ठोकून बघतात, मगच पाय टाकतात. त्या दिवशी भट्टीवरचा मजूर पोचू आत्राम बांबू आणायला वळला, तेवढाही दम चंद्रभानजींना निघाला नाही. त्यांनी पाय टाकला. पोचूनं त्यांचा हात धरला, आणि दोघंही आत गेले.

भट्टी निवायला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी ही पाटी निघाली.

“उद्या दहावा आहे,” मनोहर म्हणाला. “काका म्हणतात, परक्याचं हाड यात राहिलं तर पिंडाला कावळा शिवायचा नाही.”

“आणि तू काय म्हणतो?”

“मी विज्ञानाचा माणूस आहे, गुरुजी. पण बाप माझा आहे.”

मठाच्या पायरीशी पोचूची बायको जंगूबाई बसली होती. सकाळपासून. मांडीवर रिकामं मडकं होतं. तिला कुणी आत ये म्हटलं नव्हतं.

“मुलांना सध्या काय शिकवतो?” मास्तरबुवांनी विचारलं.

“मूलद्रव्य, संयुग, मिश्रण.”

“म्हणून दाखव.”

“एकाच प्रकारच्या अणूंचं असतं ते मूलद्रव्य. दोन किंवा जास्त मूलद्रव्यं ठरावीक प्रमाणात रासायनिक रीतीनं जोडली गेली की संयुग. त्यात घटकांचे मूळ गुण उरत नाहीत. मिश्रणात प्रमाण कितीही चालतं, प्रत्येकाचे गुण तसेच राहतात, आणि साध्या रीतीनं घटक वेगळे काढता येतात. चाळून, गाळून, निवडून.”

घडाघडा म्हणाला. चूक एकही नव्हती.

“मग पाटीत काय आहे?”

“मिश्रण.”

“कर वेगळं.”

मनोहरनं बाह्या सारल्या. चाळणीनं राख खाली पाडली. उरलेल्यावर जपून पाणी ओतलं. चुन्याचे खडे फसफसले, तापले, फुटले आणि त्यांचं पीठ झालं. ते त्यानं पुन्हापुन्हा धुऊन काढलं. शेवटी फडक्यावर नुसती हाडं राहिली, स्वच्छ. त्यानं मान वर केली तेव्हा तोंडावर चक्क समाधान होतं. मला तरी त्याचा इथं राग येतो.

“छान,” मास्तरबुवा म्हणाले. “यातले बाबा कुठले?”

मनोहर फडक्यावर वाकला.

“मिश्रणात प्रत्येकाचे गुण तसेच राहतात ना?”

मनोहरनं एक लांब तुकडा उचलला. फिरवून पाहिला. खाली ठेवला. दुसरा उचलला. मग पहिला पुन्हा.

“बाबा...” एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. बाप गेल्यापासून तो रडला नव्हता.

मास्तरबुवांनी त्याला रडू दिलं.

पायरीवरून जंगूबाई बोलली, “मास्तर, मले मूठभर देऊन टाका. कोनाचं का असेना. मालकाचं आलं त त्याहीले सोडीन पान्यात, माह्या मानसासारखंच.”

मनोहरनं डोळे पुसले.

“नाही. बाबा तिच्या मडक्यात जाणार नाहीत.”

“मग?”

तो विचारात पडला. हुशार माणूस, त्याला वाट सापडतेच.

“वजनानं वाटू. मोठ्या शरीराचं हाड जास्त. दोघांच्या वजनाच्या प्रमाणात दोन वाटे करू. ज्याचं त्याला, निदान हिशेबानं तरी.”

“वजनं ठाऊक आहेत?”

“आहेत. दसऱ्याला भट्टीवरच्या काट्याची पूजा झाली की सगळेच त्यावर चढून वजन करतात, गंमत म्हणून. गेल्या दसऱ्याला बाबा ब्याण्णव किलो भरले. पोचू सेहेचाळीस. सरळ दोनास एक.”

जंगूबाईनं मडकं पदरानं पुसलं. दुसरं काही करण्यासारखं तिच्याजवळ नव्हतं.

“पोचू पहिल्यापासून सेहेचाळीसच?”

“नाही. भट्टी सुरू झाली त्या दसऱ्याला दोघं सारखेच भरले होते. अठ्ठावन्न आणि अठ्ठावन्न. बाबा हसून सांगायचे.”

“त्याला किती वर्षं झाली?”

“सव्वीस.”

“दगड कोण वाहायचं?”

“...पोचू.”

“आणि कोळसा?”

मनोहरनं ओल्या बाह्या खाली ओढल्या.

“विचारतोय मी.”

“पोचूच.”

मास्तरबुवांनी फडक्याची चारही टोकं उचलली, गाठ मारली आणि ते गाठोडं जंगूबाई आणि मनोहर यांच्या मधोमध, पायरीवर नेऊन ठेवलं. मग परत येऊन बसले.

“तुझ्या बापाच्या ब्याण्णव किलोत पोचूचं जेवढं असेल तेवढं आधी वेगळं काढ, मनोहर. मग हाडं मी निवडून देतो.”