जिवाची गोळी

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. राज्य डोंगराळ होतं, रान दाट होतं, आणि रानाला लागून एक गाव होतं. गावात बंदूक एकच, दोन नळ्यांची. राजाने दिलेली. ती ज्या घरात असेल त्या घराने गावाचं पीक राखायचं, आणि गावाने त्या घराला नाचणी-तांदूळ द्यायचे, असा रिवाज होता.

बंदूक चालवायचा शिकारी. काडतुसं भरायची त्याची बायको. गाव तिला काडतुसवालीच म्हणे. हात असा नेमका, की शिंगाच्या मापातून दारूचा कण सांडायचा नाही. आणि जीभ अशी, की तिच्यापुढे गावातल्या भल्याभल्यांची बोबडी वळायची. वादात ती कधी हरली नव्हती. शिकारी मुळात अबोल, त्यामुळे घरात दोघांचं मिळून ती एकटीच बोलायची.

शिकाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्यात सहा काडतुसं बसत. सहाच. म्हणून कोणती घ्यायची ते काडतुसवालीच्या सासऱ्याने, म्हणजे शिकाऱ्याच्या म्हाताऱ्या बापाने, आपल्या उमेदीत ठरवून ठेवलं होतं. दोन मोहरीएवढ्या छर्‍यांची, पाखरांना आणि सशांना. दोन हरभऱ्याएवढ्या छर्‍यांची, शेतात घुसणाऱ्या भेकरांना आणि डुकरांच्या पिलावळीला. आणि दोन सुपारीएवढ्या अखंड गोळीची, अंगावर येणाऱ्या मोठ्या जनावराला.

म्हातारा म्हणायचा, "पहिली पोटाची, दुसरी पिकाची, तिसरी जिवाची. एवढ्यात माणसाचं सगळं भागतं. यापेक्षा जास्त लागत नाही आणि कमी चालत नाही."

आता झालं असं, की एका पहाटे शिकाऱ्याने धुक्यात पट्ट्याला हात घातला आणि पोटाच्या जागी जिवाचं काडतूस बंदुकीत सारलं. समोर ससा होता. बार उडाला. शिकारी घरी आला तेव्हा त्याच्या हातात सशाचे दोन कान होते.

पाणवठ्यावर बायकांना महिनाभर पुरेल एवढं हसू मिळालं. "काय गं काडतुसवाले, कानांचा रस्सा कसा झाला?" एक म्हणे. दुसरी म्हणे, "शेपूट पाहुण्यांना ठेवलीस ना?"

काडतुसवालीने हंडा भरला, दोघींना जागच्या जागी गप्प केलं, पण घरी आली ती धुमसतच. ओट्यावर पट्टा आपटून म्हणाली, "हे तीन तऱ्हेचं झेंगट आता बंद. मी एकच भरणार. मधलं, हरभऱ्याएवढं. पाखरालाही चालेल, डुकरालाही चालेल. घोटाळा नको आणि हसं नको."

म्हातारा कोपऱ्यात दोर वळत बसला होता. "पाखराला चालेल, पोरी. पिसं जास्त उडतील, पण चालेल. जिवाचं मात्र काढू नको."

"मामंजी, मी ह्या घरात येऊन सात वर्षं झाली. सात वर्षांत ते काडतूस किती वेळा लागलं?"

"एकदाही नाही."

"मग?"

"मग काही नाही. देवाची कृपा."

"देवाची कृपा आहे तर गोळी कशाला? आणि मागल्या साली शिसं घेऊन येणारा लमाण आला नाही. घरात शिशाचा तुकडा नाही. एक पट्ट्यात आणि एक डब्यात, ह्या दोन गोळ्या नुसत्या बसून फुगतायत. त्या वितळवल्या तर मूठभर छर्रे होतील."

म्हातारा म्हणाला, "पोरी, ती वस्तू लागत नाही तोवर जड वाटते. लागते तेव्हा दुसरं काही हाताशी नसतं."

"झालं तुमचं सुरू," ती म्हणाली. शिकाऱ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही सांगा. मी चुकतेय?"

शिकारी बंदुकीची नळी पुसत होता. त्याने बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "भरते ती. तिला ठाऊक," एवढंच बोलला. त्याच दुपारी पळीत शिसं वितळलं. दोन गोळ्या गेल्या आणि पितळी थाळीत छर्रे खडखडले.

पुढचं वर्ष काडतुसवालीचं म्हणणं खरं करणारं गेलं. तितर पडले. भेकर पडलं. शेतात शिरलेली डुकरीण दोन बारांत आडवी झाली. पट्ट्यात हात घातला की हवं तेच काडतूस यायचं, कारण दुसरं नव्हतंच. ती म्हाताऱ्याला जेवायला वाढताना म्हणायची, "काय मामंजी, अडलं का कुठं?" आणि म्हातारा खाली मान घालून घास गिळायचा.

पण नाचणी पोटरीला आली तेव्हा कळपातून फुटलेला एक थोराड नर रानातून उतरला. रानडुक्कर कसलं, रेडकूच ते. अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर, सुळे वीतभर. त्याने चार शेतं उलथीपालथी केली आणि कुंपण घालणाऱ्या एका माणसाला लोळवलं. गावाने ठरवलं, येत्या सोमवारी हाका घालायचा.

हाका म्हणजे माणसांनी ढोल-डबे बडवत रानात शिरायचं आणि जनावराला हाकत बंदुकीपुढे आणायचं. हाकणाऱ्यांच्या हातात कोयते-काठ्या. त्यांचा सगळा भरवसा बंदुकीवर. म्हणून त्या गावात एक रीत होती. रानात पाऊल टाकण्यापूर्वी हाकेकऱ्यांचा म्होरक्या शिकाऱ्याला सगळ्यांसमोर विचारायचा, "जिवाची आहे?" शिकाऱ्याने म्हणायचं, "आहे." मगच माणसं आत जायची.

रविवारी म्हातारा सुनेजवळ येऊन बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "चार काडतुसं फोड. त्यातलं शिसं काढ आणि दोन गोळ्या ओत. साचा मी शोधून ठेवलाय. घटकाभराचं काम आहे. मी कुणाला बोलणार नाही."

काम खरंच घटकाभराचं होतं. तिला ते कळतही होतं. तो थोराड नर तिने स्वतः लांबून पाहिला होता, आणि पाहिला तेव्हा ती बांधावरूनच मागे फिरली होती. पण साचा हातात घ्यायचा म्हणजे म्हातारा बरोबर होता असं कबूल करायचं. वर्षभर ज्याला ताटावर टोमणे मारले त्याच्यासमोर.

"भरलेली काडतुसं फोडू?" ती म्हणाली. "एका डुकरापायी? जवळून दोन बार घातले की तोही पडेल. डुकरीण नाही पडली?"

"डुकरीण आणि तो एक नव्हे."

"मामंजी, तुमचे दिवस गेले. आता राहू द्या."

म्हातारा उठला. साचा त्याने तिथेच ओट्यावर ठेवला. तो साचा सकाळपर्यंत तिथेच होता, आणि तिने त्याला हात लावला नाही.

सोमवारी सगळं गाव रानाच्या तोंडाशी मोठ्या आंब्याखाली जमलं. बायका भाकऱ्या घेऊन आल्या होत्या. काडतुसवालीही होती. म्होरक्या पुढे आला. चांगला हसरा माणूस, पाच लेकरांचा बाप. "काय दादा," तो शिकाऱ्याला म्हणाला, "आज नुसते कान नकोत हां. पुरं जनावर पाहिजे." सगळे हसले. मग तो ताठ उभा राहिला आणि रीतीप्रमाणे त्याने विचारलं, "जिवाची आहे?"

ही रीत काडतुसवाली विसरली नव्हती. तिला वाटलं होतं, शब्दच तो, निभावून जाईल.

शिकाऱ्याने बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. "नाही" म्हटलं असतं तर हाका मोडला असता आणि पन्नास माणसांसमोर तिला मान खाली घालावी लागली असती. त्याने आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं. तिचं तोंड उघडं होतं, जीभ जागेवर होती, एक शब्द बोलायला वेळही होता. ती बोलली नाही.

"आहे," शिकारी म्हणाला.

माणसं रानात शिरली.

पुढचं तिने पाहिलं नाही, ऐकलं. ढोल वाजले, आरोळ्या उठल्या. लागोपाठ दोन बार झाले. मग आरोळ्यांचा सूर बदलला. आणखी एक बार झाला. त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

शिकाऱ्याला घोंगडीच्या झोळीत घालून आणलं. मांडी फाटून हाड उघडं पडलं होतं. म्होरक्या रडत रडत सांगत होता. शिकारी बसला होता त्या झाडाखाली डुक्कर आला. शिकाऱ्याने वरून दोन्ही नळ्या झाडल्या. डुक्कर हलला, पण पडला नाही. उलट फिरला आणि सरळ म्होरक्यावर आला. शिकारी झाडावर होता, सुखरूप होता. तो खाली उतरला. धावता धावता एक काडतूस भरलं, दोघांच्या मध्ये उभा राहिला आणि हातभरावरून बार घातला. डुक्कर त्याला उडवून ओढ्यापलीकडे निघून गेला आणि पुन्हा दिसला नाही.

"माझ्यासाठी उतरला हो," म्होरक्या म्हणत होता. "पण तीन बारांत एक गोळी लागू नये? असा कसा नेम चुकला?"

काडतुसवालीला ठाऊक होतं तो का उतरला. त्याने "आहे" म्हटलं होतं, आणि जिवाची गोळी पट्ट्यात नव्हती. म्हणून तो स्वतः गेला.

शिकारी वाचला, पण पाय गेला. काठी टेकत अंगणापर्यंत यायचा. आणि गावात त्याचं नाव पडलं, नेमचुक्या. ज्याचा बार वीस वर्षांत वाया गेला नव्हता, तो नेमचुक्या. पाणवठ्यावर बायका म्हणत, "तुझ्या नवऱ्याच्या डोळ्यावर पडदा आलाय का गं?" आणि काडतुसवाली हंडा भरून मुकाट निघून यायची. शिकाऱ्याच्याही ते कानावर यायचं. घरी एकदाही त्याने गोळीचा विषय काढला नाही. त्याने ओरडावं, काठी फेकून मारावी, असं तिला वाटे. तो फक्त म्हणे, "जेवलीस का?"

रोज सकाळी ती ठरवायची, आज चावडीवर जाते आणि सांगते. नेम बरोबर होता, काडतूस चुकीचं होतं, आणि ते मी भरलं होतं. तीन वाक्यं. जिने आयुष्यभर हजार वाक्यं फाडफाड फेकली, तिला ही तीन उचलवेनात. पुढच्या पावसाळ्यात भात लावणीला आला, तेव्हा तिने म्हटलं लावणी होऊ दे. मग म्हटलं, झोडणी होऊ दे. थंडीत जुनी जखम पुन्हा चिघळली, ताप चढला, आणि चौथ्या दिवशी शिकारी गेला. शेवटपर्यंत नेमचुक्याच.

तेराव्याला गाव जेवायला बसलं. म्होरक्या पानावर बसून डोळे पुसत म्हणाला, "माणूस सोन्याचा होता. एक त्या दिवशीचा नेम सोडला, तर बोट ठेवायला जागा नाही."

काडतुसवाली भात वाढत होती. तिने परात खाली ठेवली.

"नेम चुकला नव्हता," ती म्हणाली. "तिन्ही बार लागले. पट्ट्यात गोळी नव्हती. मी वितळवली होती. मामंजींनी सांगितलं, तरी मी पुन्हा ओतली नाही. ते 'आहे' म्हणाले ते माझी मान राखायला."

पंगत थबकली. तिला वाटलं, आता शिव्या येतील. यायला हव्या होत्या.

म्होरक्याने हातातला घास पानात ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे मी माणसं आत घातली ती खोट्या शब्दावर."

तिच्या ध्यानातच आलं नव्हतं हे. नवऱ्याचा नेम तिने परत मिळवला, आणि त्याच तोंडाने त्याचा शब्द घालवला.

"वर्षभर मी त्याला नेमचुक्या म्हटलं," म्होरक्या म्हणाला. "तोंडावर म्हटलं. खोटं बोलला खरा, पण त्याची भरपाई त्याने अंगाने केली. तो असताना हे कळलं असतं, तर मी दोन शब्द रागाचे बोललो असतो आणि मग त्याच्या पाया पडलो असतो. आता कुणाच्या पडू, वहिनी?"

तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याने वळूनही पाहिलं नाही.

त्या साली गावाने बंदूक दुसऱ्या घरात दिली. काडतुसवालीला कुणी वाळीत टाकलं नाही, कुणी वेडंवाकडं बोललं नाही. फक्त त्या दिवसानंतर तिच्याशी कुणी वाद घातला नाही. ती काहीही म्हणाली की लोक "बरं" म्हणत, आणि आपल्या वाटेने निघून जात.

बोध: गरजा कमी कराव्यात, पण ज्या गरजेवर दुसऱ्याचा जीव टांगलेला आहे ती आपल्या हट्टापायी काढून टाकू नये, आणि टाकलीच, तर ऐकणारा जिवंत आहे तोवर खरं सांगून मोकळं व्हावं.