कधीही या, कुठेही बसा

लग्नानंतरच्या पहिल्याच चातुर्मासात मी एक नेम धरला होता. शेजारच्या पानावर वाढून झालंय का, हे पाहिल्याशिवाय आपल्या पानातला घास उचलायचा नाही. कुणी गूळ सोडला, कुणी वांगी सोडली. मी एवढंच धरलं. जाऊबाईंनी विचारलं, "हे कसलं गं व्रत? यात सोडायचं काय?" मी म्हटलं, सोडायचं काही नाही, मान तेवढी वळवायची. पण पुष्कळांच्या माना वळत नाहीत, बरं का. म्हणून ही गोष्ट सांगते. पोरांनो, पुढे सरका. पुरुषमंडळींनीही ऐकायला हरकत नाही.

तर एका गावात एक भोळा त्रिंबक होता. गावाचं नाव सांगत नाही, माझं माहेर तिथलंच आहे.

त्रिंबक साठीचा होता. डोक्यावर टोपी, टोपीखाली भरपूर मोकळी जागा. कुणी काही सांगितलं की अगदी तस्संच करायचा. "दूध उतू जाईल, लक्ष ठेवा" म्हटलं, तर ते उतू जाईपर्यंत डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचा. त्याच्या बायकोचं नाव मथुरा. तिचा अर्धा जन्म दूध पुसण्यात गेला.

त्यांची मुलगी रेणुका शहरात होती आणि तिला दिवस गेले होते. मथुरा गणपतीला बोलली होती, बाळ सुखरूप हातात येईपर्यंत एकही संकष्टी चुकवणार नाही. दिवसभर उपास. रात्री चंद्र उगवला की त्याचं दर्शन, नैवेद्य, आणि मग जेवण. जेवण झालं की उपास सुटला. नाही झालं तर व्रत अर्धवट राहिलं.

जावई हौशी. त्याने सासू-सासऱ्यांना मोठ्या जहाजाची सहल काढून दिली. ही बातमी त्याने साऱ्या ओळखीच्यांना कळवली. सासू-सासऱ्यांना सगळ्यांत शेवटी.

रेणुकाचा फोन आला. "बाबा, रात्रीच्या जेवणाचं विचारतायत. एक तर रोज ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल. नाहीतर कधीही या, कुठेही बसा. काय सांगू?"

स्वयंपाकघरातून मथुरा ओरडली, "कधीही-वालं घ्या हो! शेवटच्या रात्री संकष्टी आहे. चंद्र काही जहाजवाल्यांना विचारून उगवत नाही."

"कधीही-वालं," त्रिंबक म्हणाला. इथवर सगळं ठीक झालं. म्हणून तर काळजी वाटायला हवी होती.

जहाजावर पोचल्या पोचल्या मथुरेला मळमळायला लागलं. ती खोलीत आडवी झाली. त्रिंबक दुपारी चारला जेवायला गेला. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या. त्याने एक उतरवली आणि बसला. संध्याकाळी माणसं आली, दिवे लागले. खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर एक नवं जोडपं हातात हात घालून बसलं. जागा हवेशीर होती. त्रिंबकाने आपली खुर्ची उचलली आणि बरोबर दोघांच्या मधे लावली.

"तुम्ही बोला," तो म्हणाला. "माझं काही नाही."

आग्नेल नावाचा वेटर धावत आला. तो गोव्याचा, मराठी छान बोलायचा. "अहो तात्या, हे काय?"

"कुठेही बसा म्हणाले ना?"

"तसं नसतं हो! इथे दाराशी उभं राहायचं. कुणीतरी येतं, आत घेऊन जातं, खुर्ची दाखवतं. कुणी न्यायला आल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही."

"आलं ध्यानात," त्रिंबक म्हणाला.

त्याच्या ध्यानात सगळं यायचं. पोचायचं तेवढं भलत्या ठिकाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मथुरेने त्याला चहा आणायला पाठवलं. तो चहा घेऊन आला आणि खोलीच्या दाराशी उभा राहिला. चहावर साय धरली. साय सुरकुतली. मथुरेने दार उघडलं.

"अहो, बाहेर का उभे?"

"कुणी न्यायला आलं नाही."

"स्वतःच्या खोलीत शिरायला कोण येणार, बँडवाले? आपली जागा आहे ना? मग सरळ आत घुसायचं, बसायचं, आणि कुणी ऊठ म्हटलं तरी उठायचं नाही!"

"आलं ध्यानात," त्रिंबक म्हणाला.

संध्याकाळी तो जेवणाच्या दालनात सरळ आत घुसला. कालच्या खिडकीजवळ आज एक मोठं कुटुंब बसलं होतं. आजीचा वाढदिवस होता. त्रिंबकाच्या कालच्या खुर्चीवर त्यांनी केक ठेवला होता.

त्रिंबक बसला.

"उठा, उठा!" सगळे ओरडले.

"आपली जागा आहे," त्रिंबक म्हणाला. उठला नाही. नातवंडांनी टाळ्या वाजवल्या. आजी म्हणाली, "जाऊ दे, मला तसंही गोड वर्ज्य आहे."

आग्नेलने त्याला उचलून उभं केलं आणि पाठीमागचा केक पुसला. "तात्या, तुम्हाला हे कधीही आणि कुठेही झेपायचं नाही. तुम्ही ठरलेलं घ्या. शेजारच्या दालनात रोज साडेसहाला कोपऱ्यातलं टेबल, त्याच दोन खुर्च्या, वाढायला मी. डोक्याला ताप नाही."

"कुणाच्या?"

"माझ्या," आग्नेल म्हणाला.

त्रिंबकाने ठरलेलं घेतलं. खोलीत जाऊन छाती फुगवून सांगितलं. मथुरा उठूनच बसली.

"अहो, उद्या संकष्टी! साडेसहाला कुठला चंद्र? मला विचारायचं तरी!"

"तू झोपली होतीस."

"मी मळमळून पडले होते. झोपणं वेगळं."

ती स्वतः आग्नेलकडे गेली. त्याला सगळं सांगितलं, लेकीचं, नेमाचं, चंद्राचं. आग्नेलने मान डोलावली. "मावशी, माझी आईही उपास धरते, फक्त तिचा देव वेगळा. बदलायचं तर तात्यांनीच म्हणायला हवं, आणि त्यांना आज पुन्हा विचारायची माझी छाती नाही. उद्या ठरलेल्या वेळेच्या दालनातली चूल आठला बंद होते. त्याआधी तुमचं ताट वाढून झाकून टेबलावर ठेवतो. वरण-भात, बटाट्याची भाजी, कांदा-लसूण काही नाही. मोदक आमच्या खानसाम्याला जमत नाहीत, पण गोव्याची नेवरी जमते. करंजीच ती, आत खोबरं-गूळ. बाप्पाला चालेल?"

"प्रेमाने केलेलं त्याला सगळं चालतं," मथुरा म्हणाली.

"मग तात्यांनी फक्त ताट राखायचं."

संकष्टीच्या दिवशी सकाळी मथुरा डेकवर अथर्वशीर्ष म्हणायला बसली. घरून आणलेला बेसनलाडवांचा डबा तिने त्रिंबकाच्या हाती दिला. "हे राखा."

राखायचं म्हणजे नजरेसमोर हवं. त्रिंबकाने झाकण काढलं. समुद्रपक्ष्यांनी आधी दुरून पाहिलं, मग जवळून. त्रिंबकानेही पाहिलं. एकेक लाडू उडाला, तो प्रत्येकाकडे नीट पाहत होता.

मथुरा आली. डब्यात चुरा होता.

"मी नजर हलवली नाही," त्रिंबक म्हणाला.

मथुरेने कपाळावर हात मारला. "त्यापेक्षा पोटात घातले असते तर बरं झालं असतं! पोटातलं कुणी नेत नाही."

"आलं ध्यानात," त्रिंबक म्हणाला.

तुमच्याही आलं ना ध्यानात? मला वाटलंच. पण मथुरेच्या नाही आलं. एवढी वर्षं संसार करूनही तिला नवऱ्याबद्दल आशा होती. आपल्या बायकांचं हे एक असतंच.

साडेसहाला त्रिंबक आपल्या ठरलेल्या खुर्चीवर बसून आपलं ताट जेवला. आठच्या आधी आग्नेलने समोर दुसरं ताट ठेवलं, वर ताटली झाकली. मथुरा डेकवर पूर्वेकडे तोंड करून उभी होती. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

टेबलं आवरणारी माणसं आली. एकाने विचारलं, "हे नेऊ?"

त्रिंबक दचकला. सकाळचे पक्षी त्याला आठवले. त्याने घाईघाईने भाजी सुरक्षित केली. दुसरा माणूस जवळून गेला, तेव्हा वरण-भात सुरक्षित केला. नेवरीकडे कुणी पाहिलंही नव्हतं, पण धोका कशाला?

नऊ वाजून गेल्यावर समुद्रातून चंद्र वर आला. मथुरेने हात जोडले, लेकीसाठी दोन शब्द पुटपुटली आणि लगबगीने खाली आली. चेहरा उजळला होता.

"अहो, ताट राखलं ना?"

"राखलं," त्रिंबक म्हणाला. "आता कुणाच्या बापाला नेता येणार नाही."

मथुरेने झाकण उचललं. खाली ताट स्वच्छ होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या मिशीला खोबरं होतं.

ती खुर्चीवर बसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. भुकेचं नव्हतं ते. इतक्या संकष्ट्या केल्या, लेकीचे दिवस भरत आले, आणि आता उपास सुटायचाच नाही?

आग्नेलने ताट पाहिलं, मिशी पाहिली, आणि त्याला सगळं कळलं. "तात्या," तो म्हणाला, "पलीकडच्या दालनात कधीही-वाल्यांचं जेवण अजून चालू आहे. खोली तुमच्या नावावर आहे, तुम्ही फक्त तोंडाने म्हणा. ठरलेलं की कधीही?"

मथुरेने मान वर केली. त्रिंबक विचार करू लागला. त्याला सवय नव्हती, वेळ लागला.

"कधीही," तो म्हणाला.

मथुरेच्या जिवात जीव आला. आग्नेल म्हणाला, "झालं! चला मावशी, गरम वरण-भात वाढतो."

"आत्ताच कशाला?" त्रिंबक म्हणाला. "कधीही चालतं ना? मग निवांत उद्या येऊ. बस गं तू. अशी धावतेस काय?"

मथुरा उठली. पदर खोचला. जन्मात पहिल्यांदा नवऱ्याने सांगितलेलं तिने ऐकलं नाही. पलीकडच्या दालनात ती सरळ आत गेली, तिला हवी होती त्या खिडकीजवळ बसली, आणि चंद्राकडे बघत पोटभर जेवली. आग्नेलने नेवरी दोनदा वाढली. आयुष्यभर तिने नवऱ्याचं पान पाहून घास घेतला होता. त्या रात्री नाही पाहिलं. गणपतीने तेवढं चालवून घेतलं असेल, कारण पुढे रेणुकाला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत.

त्रिंबक तिच्या मागोमाग निघाला होता. दालनाच्या दारापर्यंत आला, आणि त्याच्या ध्यानात आलं. तो थांबला.

सकाळी जहाज बंदराला लागलं. माणसं उतरली, सामान उतरलं. आग्नेल दिवे मालवायला आला, तर दाराशी टोपी घालून त्रिंबक उभा.

"तात्या! अजून इथेच?"

"कुणी न्यायला आलं नाही," त्रिंबक म्हणाला.

मथुरा तोवर दोन्ही पिशव्या घेऊन लेकीकडे जाणाऱ्या रिक्षात बसली होती. तिलाही कुणी न्यायला आलं नव्हतं.

झाली गोष्ट. आता उठा, पानं घेतलीत. तुमची वेळ ठरलेली असो की कधीहीची, माझं एवढं मागणं आहे. आज पहिला घास उचलण्याआधी माझ्यासारखी मान जरा वळवा. आणि शेजारी कुणी दिसलं नाही, तर स्वयंपाकघरात डोकावून बघा. ती तिथे असेल.