अभिषेकाचं पाणी

फार पूर्वी हेमवती नगरीत भद्रकेतू राजा होता. त्याचं साम्राज्य केवढं, तर एका टोकाला पेरणी चालू असे तेव्हा दुसऱ्या टोकाला कापणी उरकलेली असे. त्या जन्मी बोधिसत्त्व त्याच्या दरबारी सोमिल नावाचे अमात्य होते.

तिथला रिवाज असा, की दरवर्षी प्रत्येक प्रांताच्या अधिपतीनं आपल्याकडच्या तलावाचं किंवा नदीचं पाणी घटात भरून आणायचं आणि त्या पाण्यानं राजाला अभिषेक व्हायचा. घट आला की तो प्रांत सुखात आहे, असं राजानं समजायचं. झाली चौकशी!

एका वर्षी अभिषेकाच्या सकाळी सोमिल नदीवर गेले, तर शूलप्रांताचा अधिपती वज्रनाभ खुशाल नगरीच्याच नदीत घट बुडवत होता.

"अहो, हे काय चालवलंय?"

वज्रनाभ ओशाळला. "काय करू, अमात्य? आमच्या तलावाचा बांध फुटला. बांध राखणारी माणसं महाराजांनी विजयस्तंभ उभारायला इकडे आणली, ती परत दिलीच नाहीत. गावंच्या गावं उठून चाललीत. रिकामा घट आणला तर माझी धडगत नाही. आणि मी एकटा नाही हो, सगळेच इथून भरतात!"

पावसाळ्याआधी माणसं परत गेली तरच बांध होणार, नाहीतर प्रांत ओसाड पडणार. राजाला सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं.

भरसभेत अभिषेकासाठी घट हाती आला तेव्हा सोमिल म्हणाले, "महाराज, हे पाणी मी ओतणार नाही. सगळे घट इथल्याच नदीचे आहेत. प्रांत सुकलेत. त्यांची माणसं परत द्या."

सगळ्या अधिपतींच्या माना खाली गेल्या. राजानं त्या पाहिल्या आणि त्याला सारं उमगलं. पण बाहेर लोक खोळंबले होते, स्तंभ अर्धा राहिला होता.

"ओता," राजा म्हणाला.

"नाही ओतणार."

"पद जाईल."

"जाऊ द्या, महाराज. बांध तर कुणीतरी घालायलाच हवा."

पुरोहितानं घट ओतला, शंख वाजले. सोमिलांनी राजमुद्रा खाली ठेवली आणि ते पायीच शूलप्रांताकडे निघाले.

तिथं ओघवती नावाची एक शेतकरीण गाडीत सामान भरत होती.

"राजानं पाठवलं का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"नाही. मीच आलो, बांध घालायला."

"एकटे? वेड लागलंय का तुम्हाला?"

सोमिलांनी टोपलीत माती भरायला घेतली. ओघवती बराच वेळ बघत उभी राहिली. मग तिनं बैल सोडले आणि गावाला हाका मारल्या. पाऊस आला तेव्हा बांध टिकला.

काही वर्षांनी शत्रू हेमवतीवर चालून आला. राजानं प्रांतोप्रांती सैन्य मागितलं, पण बहुतेक ठिकाणी द्यायला माणसंच उरली नव्हती. नगरी पडली. उघड्यावर पडलेल्या लोकांना सोमिलांनी शूलप्रांतात आसरा दिला. त्यांत भद्रकेतूही होता.

"सोमिला, माझं राज्य नेमकं कधी गेलं?" त्यानं विचारलं.

"आपल्याला सगळं कळलं होतं, तरी आपण 'ओता' म्हणालात, महाराज. तेव्हाच."

विहारात ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे विहाराचं गळकं छत ठाऊक असूनही तोरणं बांधायला सांगणारा हा आपला वृद्ध भिक्षू. ओघवती म्हणजे काल त्या छतावर दुरुस्तीला चढलेली कुंभारीण. आणि सोमिल अमात्य मीच होतो. पद गेलं, पण निश्चय ढळला नाही. यालाच अधिष्ठान पारमिता म्हणतात."

वृद्ध भिक्षू उठला आणि शिडी आणायला गेला.